प्रायमर कोणी घासला?

नवी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. "कलर कुठला घेतला?" पांढरा असेल तर "छान आहे, पण मळतो हं लवकर." काळा असेल तर "ओरखडे लगेच दिसतात बरं का!" आणि भडक पिवळा असेल तर नुसतीच भुवई वर. मग नारळ फुटतो, लिंबू-मिरची लागते, पेढे वाटून होतात. पण त्या रंगाखाली प्रायमर कसला आहे आणि तो घासला कोणी, हा प्रश्न मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मित्रांनो, हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. गाडीचा रंग चांगला की वाईट, हे स्प्रे गन हातात येण्याच्या आधीच, पॉलिश पेपरवर ठरलेले असते. आणि आपल्या कॉलेजात हे पेपर मारण्याचे काम ज्या पद्धतीने ज्युनिअर पोरांच्या गळ्यात टाकले जाते, ती पद्धत इंजिनिअरिंगच्या हिशेबानेही चूक आहे आणि माणुसकीच्या हिशेबानेही.

हे मी हवेत बोलत नाही. टीमच्या गाडीवर दोन वर्षे पेपर मारला आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्येही. 'पेपर' म्हटल्यावर ज्यांना फक्त युनिव्हर्सिटीचा पेपर आठवतो, त्या कॉम्प्युटर आणि ईएनटीसीच्या मित्रांसाठी आधी थोडी थिअरी.

पत्र्यावर रंग थेट बसत नाही. आधी पोचा ठोकून पत्रा सरळ करायचा. राहिलेल्या खड्ड्यात पुट्टी भरायची (जुने पेंटर तिला 'लांबी' म्हणतात). ती वाळली की घासायची. त्यावर प्रायमर मारायचा. तो वाळला की तोही घासायचा. मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. या साखळीत प्रायमरला तीन कामे असतात: पत्र्याला घट्ट धरून ठेवणे, गंज अडवणे आणि बारीकसारीक ओरखडे भरून काढणे.

आता कोणीही विचारेल, की एवढा छान बसलेला प्रायमर पुन्हा घासायचा कशाला? त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे सपाटी. गनमधून आलेला प्रायमर आरशासारखा बसत नाही, संत्र्याच्या सालीसारखा बसतो. त्यावर रंग मारला तर रंगही तशीच साल दाखवतो. दुसरे कारण पकड. पक्क्या झालेल्या तुकतुकीत थरावर पुढचा थर चिकटायला जागाच नसते. बारीक पेपरने त्याची तकाकी मोडली, अतिसूक्ष्म ओरखडे पाडले, की वरच्या रंगाला पाय रोवता येतो. गुळगुळीत भिंतीवर पाल चढते, रंग नाही!

पेपरला नंबर असतो आणि नंबर वाढला की दाणा बारीक होतो. पी-80 चा दाणा सरासरी 200 मायक्रॉनचा. पी-240 चा 58 च्या आसपास, पी-400 चा 35 आणि पी-800 चा सुमारे 22. पुट्टीवर 80 ने सुरुवात करून 180, मग 240 किंवा 320. प्रायमरवर 400, आणि शेवटी पाणी मारत 600 किंवा 800. गॅरेजपरत्वे यात थोडा फरक पडतो, पण क्रम मोडायचा नाही हा नियम सगळीकडे एकच. 80 वरून कोणी थेट 400 वर उडी मारली, तर बारीक पेपर खोल ओरखड्याच्या तळापर्यंत पोचतच नाही, वरवर चमक आणतो. पहिली तीन युनिट 'ऑप्शन'ला टाकून परीक्षेच्या आदल्या रात्री थेट सहावे युनिट उघडण्यासारखेच ते. वाचल्याचे समाधान मिळते, निकालाच्या दिवशी कळते.

इथे निकाल लागायला साधारण पंधरा दिवस लागतात. आपल्याला वाटते की रंग सगळे झाकतो. पण बेस कोटचा वाळलेला थर असतो जेमतेम 15 ते 20 मायक्रॉन. माणसाचा केस धरा 70 मायक्रॉनचा. म्हणजे ज्याच्यावर आपला एवढा जीव, तो रंग केसाच्या पाव जाडीचा! तो काय डोंबल झाकणार? उलट रंगातले थिनर प्रायमरमधल्या ओरखड्याच्या कडांत शिरते आणि त्या फुगवते. नंतर ते हळूहळू उडून गेले की थर आक्रसतो आणि दडलेल्या रेघा वर येतात. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी चकाचक, आणि पुढच्या पंधरवड्यात भर उन्हात बॉनेटवर झाडू मारल्यासारख्या रेघा. गिऱ्हाईक शिव्या देते रंगाच्या कंपनीला. कंपनीचा बिचारीचा काही दोष नसतो.

"पण यात इंजिनिअरिंग कुठे आहे? हे तर हमालीचं काम," असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी 'गाईड कोट' पाहावा. करड्या प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतात. मग ठोकळ्याला पेपर लावून तिरक्या हाताने, एकदा या दिशेने आणि एकदा त्या दिशेने घासतात. उंचवट्यावरचा काळा रंग आधी निघतो, खळग्यातला तसाच राहतो. जिथे काळे राहिले तिथे खड्डा आहे. फिटिंग शॉपमध्ये सरफेस प्लेटवर निळा लावून आपण जे बघतो तेच हे. फक्त तिथे त्याला दहा मार्क आहेत आणि इथे शून्य. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या जागी पन्हळी पडतात, कारण दाब सारखा राहत नाही. ज्याने स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सची केटी काढली आहे त्याला हे सांगायला नको.

दुसरी परीक्षा पाण्याची. पत्रा स्वच्छ झाला की नाही बघायचे तर त्यावर पाणी सोडा. पाणी सलग पसरले तर पत्रा साफ. थेंब थेंब होऊन फुटले तर तेलाचा किंवा मेणाचा अंश शिल्लक आहे. म्हणूनच घासायच्या आधी ग्रीस पुसायचे असते. नाहीतर आपण तेच ग्रीस पेपरने ओरखड्यांत भरत बसतो आणि मग रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखी भोके पडतात.

तिसरी परीक्षा हाताची. सुट्टीत मी ज्या गॅरेजात होतो, तिथले उस्ताद पॅनेलवर पातळ फडके ठेवायचे, त्यावरून तळहात फिरवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "यहाँ है." मला दिवसाउजेडी काही दिसायचे नाही. गाईड कोट मारला की बरोबर तिथेच काळा डाग उरायचा. "आँख धोखा खाती है, हाथ नहीं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते चौथी शिकलेले आहेत. आपण ज्याला 'सरफेस टेक्श्चर' म्हणून दोन मार्कांची व्याख्या पाठ करतो, ते त्यांच्या तळहातात आहे.

घासकामाकडे इंजिनिअरने नीट बघितले की काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत 1921 मध्ये थ्री-एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येईल असा पेपर बाजारात आणला. त्याची कल्पना होती फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या माणसाची. कोरडे घासताना उडणारी धूळ या पेपरमुळे पाण्याने बसवता येऊ लागली. त्या पेपरचे नमुने घेऊन सेंट पॉल शहरातल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजांत जाणारा एक तरुण होता, रिचर्ड ड्रू. इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सोडलेला. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती. एक रंग झाकून दुसरा मारायला पेंटर जे कागद चिकटवायचे, ते काढताना ताजा रंगही सोलून निघायचा आणि गॅरेजभर शिव्यांचा पाऊस पडायचा. ड्रूने त्या शिव्या ऐकल्या, आणि 1925 मध्ये मास्किंग टेप तयार झाली. पुढे 1930 मध्ये त्यानेच पारदर्शक सेलोफेन टेप आणली. ड्रॉइंग हॉलमध्ये शीट लावताना आपण जी टेप टर्रकन फाडतो, तिचा जन्म पेपर मारणाऱ्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका पोरामुळे झालेला आहे. तो शेजारी उभा नसता तर?

आता आपल्याकडे येऊ. टीमच्या गाडीचे डिझाइन टीई-बीईचे लोक करतात. अॅनालिसिसचे रंगीत फोटो रिपोर्टात जातात. वेल्डिंगला मान आहे, गन हातात घ्यायला तर झुंबड उडते. आणि पेपर? "एफईची पोरं आहेत ना!" रात्री मेस सुटली की एफईच्या पोरांना शेडमध्ये बोलावले जाते. प्रत्येकाच्या हातात पेपरचा तुकडा आणि तोंडाला रुमाल. कुठला नंबर कशानंतर वापरायचा हे कोणी सांगत नाही, का घासायचे तेही सांगत नाही. "घासत राहा रे, गुळगुळीत झालं पाहिजे." पहाटेपर्यंत पोरांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असतात. सकाळी सीनिअर येतात, अर्ध्या तासात गन चालवतात, फोटो काढतात. त्या फोटोत पेपर मारणारा एकही नसतो. तो होस्टेलवर खोकत झोपलेला असतो आणि त्याची पहिल्या लेक्चरची अटेंडन्सही गेलेली असते.

याचा तांत्रिक परिणाम बघायचा असेल तर शेडच्या कोपऱ्यात मागच्या गाडीचे डावे पॅनेल उभे आहे, जाऊन पाहा. त्यावरचा रंग नखाने खरवडला तरी पापडासारखा निघतो आणि खाली प्रायमर जसाच्या तसा, तुकतुकीत! म्हणजे त्या भागावर पेपर फिरलाच नव्हता. कसा फिरेल? कुठे फिरवायचा आणि कुठे थांबायचे हे ज्याला ठाऊक नाही, तो सोप्या मधल्या भागावर दहा वेळा घासतो, कोपरे सोडून देतो आणि कडेवर जोर लावून थेट पत्रा उघडा पाडतो. दोष पोरांचा नाही. काम सोपवणाऱ्यांनी त्यांना कामाबरोबर ज्ञान दिलेच नाही.

आणि आता तो रुमाल. पुट्टी पाणी शोषते. ओली घासली तर आत राहिलेले पाणी वरच्या थराखाली कोंडते आणि पुढे फोड येतात, गंज धरतो. म्हणून पुट्टी कोरडीच घासावी लागते आणि तिची धूळ उडणारच. त्या धुळीत रेझिन असते, शंखजिऱ्याची पूड असते. गाडी जुनी असेल तर तिच्या जुन्या थरांत शिसे किंवा क्रोमेटही असू शकते. यातले बारीक कण रुमालातून आरामात जातात. टू-के प्रायमर आणि रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की नंतर थोडासा संपर्कही पुरतो. म्हणूनच प्रायमर पुरता पक्का झाल्याशिवाय त्याला पेपर लावू नये. 2020 नंतर एन-95 हा शब्द आजीलाही पाठ झाला, पण आपल्या शेडमध्ये तो अजून पोचलेला नाही. शिवाय एन-95 धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि टू-के मारायचे तर खरे म्हणजे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर टू-के मारायच्या फंदात आपण पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर काही जण म्हणतात, "एवढी कटकट कशाला? बाहेर गॅरेजला देऊन टाकू." द्या की! पण दिल्याने धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड जाते. तिथे एखादा मिसरूड न फुटलेला पोरगा ती खातो. गॅरेजातला सगळ्यात कमी पगार त्याचा, सगळ्यात जास्त तास त्याचे. आणि आपण काउंटरवर उभे राहून म्हणतो, "काका, उद्या सकाळी पाहिजे हं गाडी!" मराठीत घिसाडघाई असा एक मस्त शब्द आहे. मी तर पाहिले आहे की घासणाऱ्याला घाई कधीच नसते. घाई असते ती न घासणाऱ्याला.

दुसरा मुद्दा येतो रोबोचा. "कारखान्यात सगळं रोबो करतो, आपण हे कशाला शिकायचं?" रंग रोबो मारतो हे खरे. पण मोटारींच्या कारखान्यातसुद्धा प्रखर उजेडाच्या बोगद्यातून बॉडी पुढे सरकत असते तेव्हा हातमोजे घातलेली माणसे तिच्यावरून तळहात फिरवत रंगाखाली अडकलेला कण शोधत असतात आणि सापडला की घासत असतात. उद्या आपल्यातलेच काही जण चाकणला पेंट शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागतील. शिफ्टच्या शेवटी "आज एवढे पॅनेल रिजेक्ट का झाले?" हे विचारायची वेळ त्यांच्यावर येईल. ज्याने एकदाही पेपर धरलेला नाही, तो कोणत्या तोंडाने विचारणार?

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका. "आम्हीसुद्धा एफईला असताना घासलं." हा झाला सासूचा न्याय! तुम्ही घासले म्हणून तुम्हाला तो त्रास माहीत आहे. मग तो पुढच्याला कमी व्हावा की तसाच्या तसा पोचावा? एफईच्या पोरांनी घासू नये असे मी म्हणत नाही. जरूर घासावे, त्यासारखे शिक्षण नाही. पण शिक्षण म्हणायचे तर घासणाऱ्याला त्याच पॅनेलवर गनही मारायला मिळाली पाहिजे. आपण सोडलेली रेघ आपल्याच रंगातून वर आलेली दिसली, की ती आयुष्यभर विसरत नाही.

नुसती टीका करून थांबलो तर हा लेखही वरवरचा रंग ठरेल. म्हणून तीन मागण्या.

पहिली, मास्क आधी, टी-शर्ट नंतर. टीमच्या बजेटची पहिली ओळ आय.एस. 9473 प्रमाणित धुळीचे मास्क, गॉगल, हातमोजे आणि नंबरवार चांगले पेपर यांची असावी. मागच्या बजेटमध्ये स्टिकरला जागा होती, मास्कला नव्हती. आणि रंगकाम बाहेर द्यायचे असेल तर गाडीबरोबर मास्कचा एक बॉक्सही पाठवा आणि तीन दिवस जास्त द्या.

दुसरी, घासण्याची पाळी सगळ्यांना. कॅप्टनला, ड्रायव्हरला, स्पॉन्सरशिप आणणाऱ्यालासुद्धा. ज्याला गन हातात हवी त्याने आधी ते पॅनेल घासलेले असले पाहिजे. काम दिवसा व्हावे, लेक्चर बुडवून नाही आणि रात्र जागवून तर नाहीच. आणि रिपोर्टात डिझाइन करणाऱ्यांच्या नावांबरोबर घासणाऱ्यांचीही नावे छापावीत.

तिसरी मागणी आमच्या सरांकडे आणि वर्कशॉपच्या मामांकडे. वर्कशॉप प्रॅक्टिसमध्ये एक जॉब वाढवावा. वीतभर पत्र्याचा तुकडा घ्यायचा, त्यावर प्रायमर मारायचा. अर्धा भाग नियमाप्रमाणे घासायचा, अर्धा तसाच ठेवायचा, आणि दोन्हीवर एकच रंग मारायचा. आठवड्याने त्यावर ब्लेडने चौकटी पाडून टेप लावून खेचायची. या क्रॉस-कट परीक्षेला आय.एस.ओ. 2409 हे रीतसर मानक आहे, 0 ते 5 असे वर्गही आहेत. 0 म्हणजे एकही चौकट निघाली नाही. खर्च नगण्य, मशीन लागत नाही आणि हा जॉब सीनिअरकडून विकत घेऊन सबमिट करता येणार नाही, कारण टेप सर्वांसमोर खेचायची आहे! (फिटिंगच्या जॉबचे काय होते ते सर जाणतातच, मी काही बोलत नाही.) ज्या दिवशी एकाच तुकड्याचा अर्धा रंग टेपला चिकटून येईल आणि अर्धा जागेवर राहील, त्या दिवशी मी इथे दोन हजार शब्दांत जे सांगतो आहे ते पोरांना दोन सेकंदांत कळेल.

येत्या सत्रात नवी गाडी रंगाला येईल. तेव्हा शेडच्या दारावर मी एक तक्ता लावणार आहे. त्यात चारच रकाने असतील: पॅनेल, पेपरचा नंबर, तारीख आणि घासणाऱ्याचे नाव. पहिल्या ओळीत माझे नाव असेल. दुसरी ओळ कॅप्टनसाठी मोकळी ठेवतो.